मास्तरांचे बैल आणि रावबहादूराचा पुतळा

उद्धव मास्तरांच्या घरी फुकट खाणारे तिघं. दोन बैल आणि तिसरे स्वतः मास्तर. हा टोमणा गावाचा नव्हे बरं, मास्तरांनीच स्वतःवर मारलेला. पारावर बसून ते तो इतक्या वेळा सांगत की ऐकणाऱ्यांनी हसणं केव्हाच सोडून दिलं होतं. अमरावतीच्या एका शाळेत जन्मभर इतिहास शिकवून ते गावी परतले, तेव्हा वावर बटाईनं, म्हणजे वाट्यानं, गेलेलं होतं. बटाईदाराकडे ट्रॅक्टर, म्हणून बैलांना काम नाही. मास्तरांना पेन्शन, म्हणून त्यांनाही नाही. दोन्हीकडे ढेप, म्हणजे सरकीची पेंड, मात्र वेळेवर पोचत होती.

बैल ठेवलेले होते ते फक्त पोळ्यासाठी. तिवश्याहून कौंडण्यपूरकडे जाताना धामणखेडा लागतो, तिथं पोळ्याच्या तोरणाखालून पहिली जोडी जाते ती मास्तरांच्या घरची. आज्यापासूनचा मान. वर्षभर खायचं आणि एका संध्याकाळी झूल पांघरून मिरवायचं. रिटायर झालेल्या जिवाला एवढं काम पुष्कळ झालं, असं मास्तर बैलांच्या वतीनं सांगायचे.

त्यांना दुसरा नाद होता पुतळ्याचा. गावच्या चौकात, कडुनिंबाखाली, रावबहादूर त्र्यंबकरावांचा पुतळा उभा होता : पागोटं, लांब कोट, एक हात वर. इंग्रजांच्या काळात गावकऱ्यांनी सरकारी कुरणातलं गवत कापून सत्याग्रह केला, तेव्हा ह्या माणसानं त्यांच्या पुढाऱ्याला, नत्थुजींना, ह्याच कडुनिंबाला बांधून वेताचे फटके मारवले. त्याबद्दल सरकारनं त्याला रावबहादूर केलं, आणि तो मेल्यावर त्याच्या पोरानं नेमका त्याच झाडाखाली त्याचा पुतळा बसवला. आता काय म्हणावं ह्या अकलेला! मास्तरांनी ही गोष्ट वर्गावर्गातून इतकी रंगवून सांगितली होती की पोरांना फटके मोजता यायचे. गोष्ट नेहमी फटक्यांपाशीच संपायची.

पुतळा काढा, हा मास्तरांचा धोशा होता. सरपंच खुशालरावांना ते पटत नसे. त्यांचं म्हणणं, गावची विहीर त्यानं खोदली, शाळेला जागा त्यानं दिली; आज ह्याला काढलं तर उद्या दुसऱ्याला काढा म्हणतील, मग चौकात उभं राहायला देव तरी उरेल काय? त्यावर मास्तर म्हणत, इतिहास पुस्तकात राहतो, चौकात राहतो तो सन्मान. विहिरीचं पाणी खुशाल प्या, पण ज्यानं मारलं त्याच्या पायाशी दर पंधरा ऑगस्टला हार कशाला? बाकीच्या गावाला ह्या वादाचं फारसं सोयरसुतक नव्हतं. त्यांच्या लेखी पुतळ्याचा उपयोग एकच : पोळ्याच्या तोरणाचं एक टोक कडुनिंबाला आणि दुसरं रावबहादूराच्या वर केलेल्या हाताला बांधता येत असे.

अखेर यंदा पंधरा ऑगस्टच्या ग्रामसभेत ठराव झाला. मास्तर त्या दिवशी असे बोलले की खुशालरावांनीसुद्धा मान डोलावली. शेवटी त्यांनी मूठ आपटून सांगितलं, ह्या माणसानं वाटलेली एकही गोष्ट ह्या गावानं ह्यापुढे डोक्यावर घेऊन मिरवू नये. टाळ्या पडल्या. वरची परवानगी आधीच आलेली होती. क्रेन आली, रावबहादूरांना दोरानं उचलून शाळेच्या मागच्या वऱ्हांड्यात नेऊन ठेवलं, आणि त्यानं काय केलं त्याची पाटी शेजारी लावायचं ठरलं. तोरणाचं दुसरं टोक बांधायला चौकात बांबू रोवला, तोही मास्तरांनीच स्वतः उभं राहून.

त्या संध्याकाळी ते विजयी वीरासारखे घरी आले. त्यांच्या पत्नी कुंदाबाई बैलांना पाणी दाखवत होत्या. मास्तरांनी भाषण पुन्हा पहिल्यापासून ऐकवलं. बाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं,

"मंग आपल्या तोरणाचा मान कोणं देला?"

गावात शेंबड्या पोराला ठाऊक असलेली गोष्ट होती ती. सत्याग्रहाच्या आधी पहिल्या जोडीचा मान नत्थुजींच्या घरचा. फटक्यांनंतरच्या पोळ्याला रावबहादूरानं तो काढून मास्तरांच्या आज्याला दिला, कारण नत्थुजींना झाडाला बांधायला दोर लागला तेव्हा आज्याच्या बैलांचा कासरा कामी आला होता.

"आजा तर सांगे, आपल्या हातातून कासरा हिसकून नेला," मास्तर म्हणाले.

"हिसकून नेलेल्या कासऱ्याले मान भेटते काय?" बाई म्हणाल्या आणि बादली घेऊन आत गेल्या.

लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण! जन्मभर दुसऱ्याचा पुतळा हलवायला निघालेला माणूस आपल्या गोठ्यात काय बांधलंय ते पाहायला विसरला होता. विसरला कसला, पाहत नव्हता. पुढचे काही दिवस मास्तरांनी स्वतःशीच वकिली केली. मान आज्यानं घेतला, नातवाचा काय दोष? शिवाय बैलांचं मन मोडेल. बैलांचं! गावात कोणी चकार शब्द काढत नव्हतं, आणि तेच त्यांना जास्त टोचत होतं. म्हणजे सगळं गाव भाषण ऐकताना मनातल्या मनात हसत होतं तर.

नत्थुजींच्या घरी आता त्यांची सून पार्वताबाई होत्या. सत्तरी ओलांडलेल्या, पण अजून स्वतः कासरा धरून डवरणी, म्हणजे पिकातली कोळपणी, करणाऱ्या. त्यांची जोडी राबून वाळलेली. मास्तर एकदा ठरवून त्यांच्याकडे गेले, सोयाबीनवरच्या अळीबद्दल बोलले, चहा प्यायले आणि परत आले. शेवटी पोळ्याच्या आदल्या दिवशी, बैलांच्या खांद्याला तूप-हळद लावता लावता, त्यांनी जाहीर केलं की उद्या पार्वताबाईंची जोडी पहिली. मंदिराच्या भोंग्यावरून तसं सांगायलाही लावलं. आणि मग, काय सांगावं, ह्या त्यागाचा त्यांना इतका गर्व झाला की त्यांनी आपल्या बैलांना नव्या झुली आणल्या. मागं उभं राहायचं तर थाटात राहावं.

पोळा भरला. पहिल्या जागी पार्वताबाईंची जोडी, त्यांच्या मागं मास्तरांची, मग बाकीचं गाव. आमच्याकडे तोरण तोडण्याआधी झडत्या म्हणतात, म्हणजे भर पोळ्यात एकमेकांची उणीदुणी काढणारी गाणी. मास्तरांनी स्वतःवरच एक रचून आणली होती, ती त्यांनी छाती काढून म्हटली :

पुतळा गेला शाळेमागं, चौक झाला खाली,
मास्तर म्हणे सोडला मान, ढेप कोणं खाल्ली?
हर बोला, हर हर महादेव!

लोक पोट धरधरून हसले. मास्तरांना धन्य धन्य वाटलं. स्वतःला हसून घेतलं की माणूस सुटतो, असा त्यांचा समज होता. तेवढ्यात डफडं कडाडलं.

आता बैलांना कोणी ग्रामसभेला बोलावलं नव्हतं. डफडं वाजलं की आपण निघायचं, एवढंच त्यांना ठाऊक. ते निघाले. पार्वताबाईंच्या जोडीला खांद्यानं बाजूला सारून पुढं झाले, आणि त्यांच्यामागं कासरा धरून, नवं धोतर सावरत, धापा टाकत मास्तर. थोरल्या बैलाचं शिंग तोरणात अडकलं, आंब्याची पानं मास्तरांच्या टोपीवर पडली, आणि पोळा फुटला. त्याग वगैरे सगळं तोरणाच्या अलीकडे राहून गेलं.

गाव लोळायचं बाकी राहिलं. खुशालराव डोळे पुसत जवळ आले आणि म्हणाले, जाऊ द्या मास्तर, मुकं जनावर, त्याला काय समजतं. सगळ्यांनी तेच म्हटलं. मास्तरही तेच म्हणायला तोंड उघडणार होते, तर पार्वताबाई समोर उभ्या. त्या हसत नव्हत्या.

"मास्तर, कासरा सुटला का सोडला?" त्यांनी हळूच विचारलं.

मास्तरांनी हाताकडे पाहिलं. कासरा हातातच होता. एक झटका दिला असता तर वेसण ओढली जाऊन बैल जागच्या जागी थांबले असते, तेवढी शिकलेली जनावरं होती ती. पण डफडं वाजलं तेव्हा त्यांची मूठ सैल पडली होती. ती सैल पडलेली त्यांना कळली होती, आणि खोटं कशाला, बरंही वाटलं होतं.

"सोडला, काकी," ते म्हणाले. "वाटलं, एक डाव अजून."

पार्वताबाईंनी मान हलवली.

"खरं बोलले तुमी. तुमचा आजा मरेपर्यंत म्हणे, हिसकून नेला म्हून."

मास्तरांना भर चौकात रडू आलं. पुतळा हलवायला एक सकाळ पुरली होती, कारण तो दुसऱ्याचा होता. त्यांनी टोपीवरची पानं झटकली आणि कासरा पार्वताबाईंच्या हातात दिला.

"ह्यायची सवय काही आता जात नाही, काकी. पुढच्या पोळ्यालेही हेच पुढं जातीन. तुमच्या दावणीले असले तर मान तरी तुमच्या घरी जाईन."

पार्वताबाईंनी बैलांच्या तुकतुकीत पाठीवरून हात फिरवला. मग म्हणाल्या, "बसून नाही खाऊ देणार मी. उद्यापासून जुपीन."

"जुपा," मास्तर म्हणाले.

घरी कुंदाबाई दारात आरतीचं ताट घेऊन उभ्या होत्या. बैल येणार, त्यांचे पाय धुवायचे, पुरणपोळी भरवायची, म्हणून पाटही मांडलेला. मास्तर एकटेच आले, मान खाली, हात रिकामे. घडलं ते त्यांनी सगळं सांगितलं, सैल पडलेल्या मुठीसकट.

बाईंनी एकदा रिकाम्या गोठ्याकडे पाहिलं. मग त्यांनी बैलांसाठी काढलेली पुरणपोळी मास्तरांच्या हातावर ठेवली.

"चला, तिघांतले दोघं तं कामाले लागले," त्या म्हणाल्या. "आता तुमचं पाहू."