हिरवे ठिपके माझे

‘मूठ मिटून दाखव.’

हे तो तमिळमध्ये म्हणाला. मला मराठी येतं, त्यालाही मराठी येतं, हे आम्हा दोघांना ठाऊक. तरी तमिळमध्येच म्हणाला. लाइनवरच्या चाळीस बायकांना कळावं म्हणून.

सकाळचे सहा वाजले होते. शिफ्टच्या आधी सगळ्यांनी पिवळ्या पट्टीमागं उभं राहायचं, काल किती माल निघाला, किती बाद झाला ते ऐकायचं, ही आमच्या कारखान्याची रीत. त्या दिवशी एचआरचा साहेब स्वतः आला. मला नावानं पुढं बोलावलं. म्हणाला, ही बाई हलकं काम मागते, हात दुखतात म्हणते, तर आपण सगळे मिळून बघू या.

मी दोन्ही हात पुढं केले. बोटं वाकायला लागली आणि अर्ध्यात थांबली. सकाळी ती तेवढीच वाकतात. ‘अजून,’ तो म्हणाला. मी दात आवळले. डोळ्यांत पाणी आलं. ‘अजून.’ नाही मिटली. मग तो बायकांकडं वळला. ‘पगाराच्या दिवशी बरोबर मिटेल.’

बायका हसल्या. सगळ्या नाही, पण हसल्या. आणि खरं सांगते, मीही हसले. त्यानं माझी लाज काढली आणि मी त्याला साथ दिली. आज आठवलं की त्याच्यापेक्षा जास्त माझाच राग येतो.

कारखाना तमिळ मुलखात, इरुंगाट्टुकोट्टैला. गाडीत ज्या वायरींचे जुडगे असतात ना, ते आम्ही बनवायचो. मी मूळची लातूरकडची. नवरा इकडं फोर्कलिफ्ट चालवायला आला, त्याच्यामागून मी. राहतो तांबरमला, एका खोलीत. इथं आम्ही मराठी आहोत हे कुणाला सांगून कळत नाही. आम्ही सगळे ‘हिंदीवाले’. मी आधी भांडायचे, मग सोडून दिलं.

दुखणं सुरू झालं ते बोटांच्या मुळांशी. वाटलं, काम जास्त झालं असेल. मग मनगटं. मग पायाचे तळवे. सकाळी उठून जमिनीवर पाय टेकवला की खडीवर चालल्यासारखं. नळ फिरवता येईना. ब्लाउजचे हुक नवरा लावायचा. चहाचा पेला दोन्ही मनगटांत धरून प्यायचे. उठल्यावर बादलीभर गरम पाण्यात हात बुडवून बसायचं, तेव्हा कुठं कंगवा धरता यायचा. आणि गंमत बघा, दुपारी बारा-एकनंतर हात सैल पडायचे. म्हणून कुणाला पटायचंच नाही. सकाळी मरतेस आणि दुपारी बरी होतेस, असलं कसलं गं तुझं दुखणं?

कामगार विम्याच्या दवाखान्यात गेले. डॉक्टरनं मान वर न करता कॅल्शियमच्या गोळ्या लिहिल्या. पुढच्या खेपेला म्हणाला, चिकुनगुनिया झाला असेल कधीतरी. तिसऱ्या खेपेला रक्त तपासलं. वाताचं काही आलं नाही. ‘रिपोर्ट चांगला आहे,’ तो म्हणाला. मी रडले. चांगला रिपोर्ट बघून रडणारी बाई त्यानं पहिल्यांदाच पाहिली असेल. मग त्यानं मोठ्या सरकारी दवाखान्यातल्या सांध्यांच्या डॉक्टरकडं चिठ्ठी दिली. तिथं तारीख मिळाली अकरा आठवड्यांनंतरची.

अकरा आठवडे. तोवर माझ्याकडं दुखणं होतं आणि कागद नव्हता. साहेब म्हणायचा, रिपोर्ट आण, मग हलकं काम. दवाखाना म्हणायचा, तारखेला या, मग रिपोर्ट. मी दोघांच्या मधोमध, पेनकिलरच्या गोळीवर. गोळीनं पोटात आग पडायची, पण बस पकडता यायची.

हा साहेब तंजावूरकडचा. पिढ्यान्‌पिढ्या इकडंच असलेलं मराठी घराणं. त्याची मराठी जुन्या पोथीतल्यासारखी, तमिळ हेलाची. मी कामाला लागले तेव्हा त्यानं माझं नाव वाचून मला केबिनमध्ये बोलावलं होतं. ‘तुम्ही कोण ऊरचे वो?’ ऊर म्हणजे गाव. एवढ्या दूर मराठी ऐकून मला गलबलून आलं होतं. मी भडाभडा बोलले. मग त्यानं विचारलं, वडील काय करायचे? मी सांगितलं, वीटभट्टीवर होते. आजोबा? मी तेही सांगितलं, ताठ मानेनं सांगितलं. गावातली मेलेली जनावरं ओढायची नाहीत असं ज्यांनी ठरवलं आणि त्यापायी मार खाल्ला, त्यांतले माझे आजोबा. साहेबानं पेन खाली ठेवलं. त्या दिवसापासून त्याची मराठी आटली. पुढं माझ्याशी जे बोलला ते तमिळमध्ये, नाहीतर इंग्रजीत.

आता कनका अक्काचं सांगते. ते सांगायचं म्हणूनच हे सगळं सांगते आहे.

कनका अक्का माझ्या शेजारच्या जागेवर. माझ्यापेक्षा आठ-दहा वर्षांनी मोठी, नवरा नाही, दोन मुली शाळेत. तिची वस्ती गावाच्या कोणत्या बाजूला आहे ते तिनं सांगितलं नव्हतं, पण मला कळलं होतं. माझंही तिला कळलं होतं. आमच्यासारख्यांना ते लगेच कळतं. मला ती ‘मा’ म्हणायची, आपण लाडानं ‘बाळा’ म्हणतो तसं. ‘एन्न मा, आज किती दुखतं?’ तिच्या दारात नोच्चीचं झाड होतं. नोच्ची म्हणजे आपली निरगुडी. त्याचा पाला पिशवीत भरून आणायची, पाण्यात उकळून शेक घे म्हणायची. माझं दुखणं खरं आहे हे तिनं रिपोर्ट न बघता मानलं होतं.

आमचं काम असं. वायरीच्या टोकाची पिन कनेक्टरच्या भोकात ढकलायची. ‘टक्’ असा आवाज आला पाहिजे. मग वायर हलकेच ओढून बघायची, निघत नाही ना. आणि मग आपल्या मार्करचा ठिपका द्यायचा. ढकल, ऐक, ओढ, ठिपका. माझ्या जागेचा मार्कर निळा, कनका अक्काच्या जागेचा हिरवा. माल कुठं बाद झाला की ठिपका बघून जागा शोधायची.

माझ्या जागेवरचा कनेक्टर मोठा, चोवीस पिनांचा, ढकलायला जड. तिचा छोटा. त्या मूठ मिटण्याच्या तमाशानंतर तीच म्हणाली, ‘सकाळी तू माझ्या जागेवर बस, मी तुझ्या.’ जागा बदलायची परवानगी नव्हती. पण सुपरवायझर चहाला गेला की आम्ही सरकायचो, नाश्त्याच्या सुट्टीत परत सरकायचो. मार्कर जागच्या जागी राहायचे. म्हणजे सकाळचे हिरवे ठिपके माझ्या हातचे.

छोटी पिन ढकलायला हलकी होती, ते खरं. पण ओढून बघायला बोटांच्या टोकांना जाणवावं लागतं. माझ्या बोटांना काही जाणवत नव्हतं. आधी मी दोनदा ओढायचे. मग एकदा. मग दुखणं वाढलं तेव्हा काही दिवस मी ओढणंच सोडलं. आवाज आला असं वाटलं की ठिपका. इथं मी दुखण्याला पुढं करणार नाही. मी थांबू शकत होते. अक्काला सांगू शकत होते, आज जमत नाही गं. सांगितलं नाही, कारण ती माझ्यासाठी एवढं करते आणि तिच्या जागेचं हलकं कामही मला जमत नाही, ही लाज वाटली.

गिऱ्हाइकाकडून माल परत आला. पेटीभर. पिना अर्ध्यावर बसलेल्या, वायर हातात येत होती. सगळ्यांवर हिरवे ठिपके.

साहेबानं पट्टीसमोर एकेक तुकडा वर धरला. ‘हिरवा कुणाचा?’

कनका अक्का पुढं झाली. तिनं माझ्याकडं पाहिलं. रागानं नाही हो. वाट बघितल्यासारखं. तिनं स्वतः माझं नाव घेतलं असतं तर माझी नोकरी गेलीच असती, म्हणून ती थांबली होती. मी बोलेन असं तिला वाटलं होतं. मी माझ्या बुटांकडं बघत राहिले. पायाचे अंगठे ठणकत होते, त्यांच्याकडंच बघत राहिले.

‘तोंड नाही का?’ साहेबानं तिला विचारलं.

ती कंत्राटदाराची माणूस. दुसऱ्या दिवशी गेटवर तिचं कार्ड चाललं नाही. चौकशी नाही, कागद नाही. सहा वर्षं काम केलेली बाई दप्तर घेऊन परत पाठवलेल्या पोरासारखी गेटवरून परत गेली. आमच्या बसच्या खिडकीतून मी ते पाहिलं.

घरी नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, ‘गप बस. परमुलखात आहोत. तुझ्या औषधाचं कार्ड या नोकरीवर आहे.’ तो चुकीचं बोलला नाही. पण मला त्या दिवसापासून जेवण गोड लागेना. हात दुखले की आधी वाटायचं, देवा, का? आता वाटायला लागलं, बरं झालं, दुखू दे मेले. स्वतःलाच शिक्षा देऊन मोकळं व्हायची ही भारी सोपी युक्ती आहे. तिनं कनका अक्काच्या घरात काय शिजणार होतं?

शेवटी दवाखान्याची तारीख आली. चार तास बाकावर बसले. माझ्यासारख्या कितीतरी बाया, सुजलेले हात ओटीत घेऊन. डॉक्टरीण बाई तरुण होत्या. त्यांनी माझी बोटं हळूच दाबून बघितली, एकेक सांधा. मग विचारलं, ‘सकाळी उठल्यावर किती वेळ आखडलेलं राहतं?’

एवढ्या महिन्यांत हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता.

‘दुपारी बारा-एकपर्यंत.’

‘रक्तात आलं नाही म्हणून आजार नाही, असं नसतं,’ त्या म्हणाल्या. ‘अजून तपासण्या लागतील. सोनोग्राफी, एक्स-रे. मग नक्की सांगते, मग औषध सुरू करू. पण तुम्ही खोटं बोलत नाही आहात.’

मी ओक्साबोक्शी रडले. त्या समजल्या, सुटल्यासारखं वाटलं असेल. वाटलंही. पण डोक्यात दुसरंच चाललं होतं. तुझं खरं आहे, एवढं वाक्य माणसाला केवढं उभं करतं. आणि कनका अक्काचं खरं काय ते साऱ्या जगात मला एकटीला माहीत होतं, आणि मी ते गिळून बसले होते. साहेबानं माझ्यावर विश्वास ठेवला नाही म्हणून मी त्याला शिव्या देत होते. मी त्याच्याहून वाईट. त्याला माहीत तरी नव्हतं.

पुढच्या आठवड्यात साहेबानं केबिनमध्ये बोलावलं. आणि काय सांगू, मराठीत बोलला.

‘बसा की वो. हात कसे आहेत?’

मी बसले. त्यानं कागद पुढं केला. कनका अक्कानं कामगार ऑफिसात तक्रार दिली होती, चौकशीशिवाय काढलं म्हणून. कागद इंग्रजीत होता, त्यानंच वाचून सांगितला: कनका निष्काळजी काम करायची, आणि शेजारी बसून हे मी स्वतः पाहिलं आहे. खाली माझी सही पाहिजे.

‘सही करा. उद्यापासून स्टोअरमध्ये बसून काम. रिपोर्ट नको, काही नको. तुम्ही अमचेच माणूस की.’

बसून काम. त्यासाठी मी तीनदा अर्ज दिला होता. खोटं कशाला बोलू, माझा हात पेनाकडं गेला. पेन हातात धरलं देखील. मग तो ‘अमचेच’ शब्द डोक्यात चढला. दीड वर्ष हा शब्द कुठं होता? माझ्या आजोबांची गोष्ट ऐकल्यावर तो कुठं गेला होता? आणि आज तो परत आला तो कशासाठी, तर माझ्यासारख्याच एका बाईला गाडायला.

‘ते हिरवे ठिपके माझे आहेत,’ मी म्हणाले.

‘काय?’

‘सकाळी त्या जागेवर मी बसायचे. ती माझं जड काम करायची. वायर ओढून न बघता ठिपके मी दिले.’

त्याचा चेहरा उतरला. ‘असलं बोलूं नका. तुमची नोकरी जाईल.’

‘तिची गेलीच ना.’

‘तिचं वेगळं.’

‘काय वेगळं?’

तो इंग्रजीत काहीतरी म्हणाला. मी त्याचाच कागद उलटा केला आणि मागच्या कोऱ्या बाजूवर मराठीत लिहायला लागले. पाच ओळी. अर्धा तास लागला. मध्ये दोनदा पेन पडलं, दोनदा वाकून उचललं. जागा कशा बदलल्या, का बदलल्या, हलकं काम किती वेळा मागितलं आणि काय उत्तर मिळालं, सगळं लिहिलं. त्याला देवनागरी वाचता येत नाही, हे मला तेव्हा कळलं. म्हणून मोठ्यानं वाचून दाखवलं. मग मोडक्यातोडक्या तमिळमध्ये सांगितलं. दार उघडं होतं. बाहेरच्या टेबलांवरचं टायपिंग थांबलं. मी फोनवर त्या कागदाचा फोटो काढला आणि उठले.

त्याच संध्याकाळी मला घरी बसवलं. चौकशी होईपर्यंत यायचं नाही म्हणाले. नवरा दोन दिवस पहाटेच निघून गेला. तिसऱ्या दिवशी थांबून त्यानं माझे हुक लावले.

मी कनका अक्काच्या घरी गेले. तिनं आत बोलावलं नाही. उंबऱ्यातच उभी राहिली. मी फोटो दाखवला, काय लिहिलंय ते सांगितलं. तिनं सगळं ऐकून घेतलं. मला वाटलं, आता रडेल, शिव्या देईल, नाहीतर जवळ घेईल. तिनं यातलं काही केलं नाही.

‘इतके दिवस का लागले?’ तिनं विचारलं.

‘भ्याले, अक्का.’

‘मी पण भ्याले होते. तरी तुझं नाव घेतलं नाही.’

मग म्हणाली, ‘हे तमिळमध्ये लिहून आण. तिथं मराठी कोण वाचणार?’ आणि आत गेली.

मी तमिळमध्ये लिहून घेतलं, खाली सही केली, तिच्या हातात नेऊन दिलं. तिनं घेतलं. मला अजून ती मा म्हणत नाही.

माझ्या आजाराला अजून नाव मिळालेलं नाही. सोनोग्राफीची तारीख पुढच्या महिन्यात. औषध त्यानंतर. नोकरी राहील की जाईल, माहीत नाही. पण त्याआधी कामगार ऑफिसात सुनावणी आहे आणि मला साक्षीला बोलावलंय. सकाळी दहाची वेळ आहे. दहा वाजता माझे हात कसे असतात ते मला माहीत आहे. त्यांना तसंच घेऊन जाणार आहे. कुणी विचारलं, तुम्हाला काय सांगायचंय, तर सुरुवात माझ्या दुखण्यानं करणार नाही. आधी तिचं नाव घेणार. मग माझा गुन्हा सांगणार. आणि मग त्या साहेबाचा, त्याच्या तोंडावर.