बोरीतली यहूदीथ

बेल्ह्याच्या बैलबाजाराच्या दिवशी एसटीने जाऊ नये, हे मला पुण्यात कुणीतरी सांगायला हवं होतं. नव्वदच्या दशकातली गोष्ट. बायबलच्या निरनिराळ्या आवृत्त्या जमवायचं मला वेड. बोरी बुद्रुकच्या दावीदरावांकडे फार जुनं मराठी बायबल आहे असं कळलं, आणि ताडून पाहायला दोन आवृत्त्या पिशवीत कोंबून मी निघाले. बेल्ह्यात गाडी गर्दीत अडकली. शेवटी एका टेम्पोत, खोंडाच्या (तरुण बैलाच्या) शेजारी उभी राहून बोरी गाठली. वाटेत त्याने पिशवीचा बंद चघळला.

“घाबरू नका ताई, लई गरीब हाय,” टेम्पोवाला म्हणाला.

दावीदरावांच्या पत्नी रत्नाबाईंनी मासवडी (नाव माशाचं, माल सगळा बेसन-खोबऱ्याचा) आणि भाकरी वाढली. जेवण झकास, पण घर गप्प. सून मोनिका डोळे पुसत तान्ह्या मुलीला जोजवत होती.

रविवारी मुलीचा बाप्तिस्मा होता आणि मोनिकाला तिचं नाव यहूदीथ ठेवायचं होतं. दावीदरावांनी आपल्या त्याच जुन्या, प्रोटेस्टंट बायबलात शोधलं, तर एकच यहूदीथ सापडली: एसावाची बायको, सासू-सासऱ्यांच्या जिवाला घोर लावणारी.

“म्हंजी हिनं मलाच टोमणा मारला न्हाई का?” रत्नाबाई कडाडल्या.

“आई, माझी यहूदीथ निराळी आहे! ती तुमच्या बायबलात नाहीच,” कॅथलिक माहेरची मोनिका रडवेली होऊन म्हणाली.

तिचं खरं होतं. ज्यूंच्या शास्त्राच्या जुन्या ग्रीक भाषांतरात काही जास्तीची पुस्तकं होती. कॅथलिकांनी ती ठेवली. प्रोटेस्टंटांनी हिब्रू शास्त्राची यादी मानली, म्हणून त्यांच्या बायबलातून ती गेली. यहूदीथचं पुस्तक त्यातलंच. माझ्याकडे कॅथलिकांची इंग्रजी आवृत्ती होती. मी पान उघडून मराठीत सांगू लागले: शत्रूने गावाला वेढा घातला, पाणी तोडलं.

“पाणीच तोडलं? मुडदा बशिवला त्यांचा!” रत्नाबाई पुढे सरकल्या.

गावातले पुढारी शरण जायला निघाले. तेव्हा यहूदीथ नावाची विधवा शत्रूच्या छावणीत शिरली आणि सेनापतीचं मुंडकं कापून घेऊन आली.

दावीदराव चष्मा पुसत म्हणाले, “आमच्या शास्त्रात हे न्हाई.”

“नसू द्या. पोरगी तर आपल्या घरात हाय!” रत्नाबाईंनी नात उचलून छातीशी धरली. “यहूदीथच ठेवायचं. मोनिका, अगं आदीच सांगायचं व्हतंस.”

मोनिका रडता रडता हसली.

निघताना रत्नाबाई फाट्यापर्यंत आल्या. “ताई, तुमचं ते बुक ऱ्हाऊ द्या आमच्याकडं.”

“इंग्रजी आहे हो ते.”

“शिकंल की पोरगी. तिचं नाव कुटून आलं, ते तिला दावायला नको?”

लोकांच्या घरांतून बायबलं मागून आणणारी मी, त्या दिवशी एक ठेवून आले. परतीच्या गाडीत बसायला जागा नव्हती, तरी पुण्यापर्यंत माझ्याच खुशीत होते.