ओढ्याचं गणित

बेंबळीच्या शिवप्रसादला समृद्धीचं कौतुक झालेलं सोसत नसे. कसं सोसावं? धाराशिवच्या कॉलेजात संगणक शिकवता शिकवता त्यानं केस पांढरे केले, आणि ही मुरुम गावची पोरगी परवा आली तर प्राचार्यांच्या तोंडी उठता-बसता तिचंच नाव! घरी ताटावर बसला तरी याचं तेच पुराण. शेवटी बायको हर्षाली वैतागली. "जेवताना तरी त्या मॅडमला उंबऱ्याभायेर ठिवा की," म्हणाली.

भांडण होतं गणितांच्या वर्गवारीचं. चार कॉलेजांचे संगणक एकमेकांना जोडले होते आणि संशोधनाची मोठाली गणितं त्यांच्यावर वाटून चालायची. कुठलं गणित तुकडे करून एकदमच सगळीकडं टाकायचं आणि कुठलं एकामागं एक चालवायचं, हे ठरवायची पद्धत दोघांनीही मांडली होती. प्राचार्यांनी समृद्धीची उचलली. झालं, शिवप्रसादच्या पोटात दुखायला लागलं.

लई शोधल्यावर त्याला तिच्या पद्धतीत खोट सापडली. गावागावांचं गणित आलं की ती खुशाल तुकडे पाडायची. पाऊस मोजायला ते ठीक. पण ओढ्याचं पाणी? वरच्या गावानं बंधाऱ्यात किती अडवलं हे कळल्याबिगर खालच्याला किती येणार, हे कसं निघावं? बेंबळीत शेंबडं पोरही हे सांगेल. यानं मात्र तोंड उघडलं न्हाय. भर बैठकीत तिला तोंडघशी पाडायचं म्हणून आपल्या पीएचडीचं ओढ्याचं गणितच त्यानं मुद्दाम तिच्या पद्धतीनं चालायला टाकलं. आपलं नाक कापून दुसऱ्याला अपशकुन, दुसरं काय!

बैठकीत तो उठणार, तोच समृद्धी उभी राहिली.

"चूक माझी आहे," ती म्हणाली. "खालच्या गावाचं गणित वरच्याच्या आधीच झालं. शिवप्रसाद सरांची मेहनत माझ्यामुळं वाया गेली. पण त्यांच्या कामामुळंच खोट दिसली."

प्राचार्य खूश झाले. चूक कबूल करायला छाती लागते म्हणाले, आणि दुरुस्तीही तिच्याकडंच सोपवली. शिवप्रसादचा नुसता जळफळाट झाला. चुकली ती, आणि शाबासकीही तिलाच!

मग प्राचार्य त्याच्याकडं वळले.

"शिवप्रसाद, तुमचं शेत तर ओढ्यालाच लागून. तुमच्या ध्यानात कसं आलं नाही?"

सगळे त्याच्याकडं बघत होते. समृद्धीसुद्धा.

"न्हाय आलं," शिवप्रसाद म्हणाला.