मॅडमची लाल पट्टी

थांबा, बाकीचं सगळं नंतर, हे आत्ताच सांगून टाकते, नाहीतर परत गप्प बसेन!

रत्नागिरीच्या आमच्या कॉलेजात दुसऱ्या वर्षाला मला आणि मैत्रिणीला प्रोजेक्ट मिळाला. मुलांची मतं ऑनलाइन घ्यायची तर कुठली वेबसाइट बरी, ते ताडून बघायचं. आम्ही फुकटातल्या दोन घेतल्या. पहिलीवर एकाने मत दिलं की बाकीच्यांना ती घेईचना! कारण आख्ख्या लॅबला नेटची लाइन एकच, आणि ही वेबसाइट एका लाइनीचं एकच मत धरायची. दुसरी कुणालाच अडवायची नाही, वर रंगीत पट्ट्या डोळ्यांसमोर सरसर लांब व्हायच्या. आम्ही दुसरीच्या प्रेमातच पडलो.

प्रोजेक्टचे सर म्हणाले, "खराखुरा प्रश्न घाला, मग मजा आहे."

घातला. पुढच्या वर्षी कोण शिकवायला नको? खाली तिघांची नावं. दोघे सर कायमचे, तिसऱ्या मॅडम तासावर, जेवढे तास तेवढाच पगार. त्या राजापूरहून एसटीने यायच्या आणि दर वाक्याला "समजलं ना?" म्हणायच्या. मागचा बाक त्यांच्यासोबत सुरात म्हणायचा, "समजलं नाऽऽ!" त्या हसायच्या. आम्हाला वाटायचं, यांना काही लागतच नाही.

मत देताना माझ्या लक्षात आलं की परत क्लिक केलं तरी चालतंय. परत केलं. परत! मॅडमची लाल पट्टी पुढे सरकली.

"अगं, बघ बघ, मॅडम धावतायत!" मी ओरडले.

"थांब, एसटी चुकेल त्यांची," मैत्रीण म्हणाली आणि तीपण सुटली. मग सगळी लॅब. इतके हसलो की पोटं दुखली.

प्रोजेक्टचे सर तेव्हा लॅबमध्ये नव्हते; त्यांनी त्या पट्ट्यांचा प्रिंट काढून प्रिन्सिपॉलना दाखवला. मे महिन्यात पुढच्या वर्षीच्या तासांचं ठरायचं होतं, आणि मॅडमचं घर त्या तासांवरच चालायचं, हे सगळ्या कॉलेजला माहीत होतं. मलाही.

आमच्या तुलनेच्या तक्त्यात एक रकाना होता, 'एक जण किती मतं देऊ शकतो'. दुसऱ्या वेबसाइटपुढे मी आधी लिहिलं होतं, 'कितीही'. मग वाटलं, आपणच निवडलेली वेबसाइट, मार्क जातील. रकानाच उडवला.

शेवटच्या आठवड्यात मॅडम लॅबच्या दारात आल्या. हातात तो प्रिंट.

"हे तुम्ही केलंत ना गो? छान दिसतंय." मग हळूच, "नीट मोजतं ना हे? म्हणजे एकाचं एकच मत?"

आख्खी लॅब माझ्याकडे बघत होती. मी म्हटलं, "हो मॅडम. कॉम्प्युटर आहे."

"बरं," त्या म्हणाल्या. "म्हणजे एवढ्यांना नको होते मी."

त्या वळल्या आणि मागून कुणीतरी सुरात म्हणालं, "समजलं नाऽऽ!" ह्या वेळी त्या हसल्या नाहीत. मी हसले. खरंच हसले हो, सगळे हसत होते म्हणून.

जूनमध्ये त्यांच्या तासांना दुसरे सर आले. आमच्या प्रोजेक्टला वर्गात सगळ्यात जास्त मार्क पडले आणि सर ती वेबसाइट पुढेही वापरत राहिले. मी कुणाला काही बोलले नाही.

तुमच्या हातून झालंय का असं? खरं सांगा, एक वाक्य बोलायचं होतं, समोरचा माणूस विचारतही होता, आणि तुम्ही बोलला नाहीत?