लेकीच्या घरची भाकरी

भाऊ गेल्याचा फोन पुतण्यानं, संतोषनं केला. मी भाजी निवडत होते. "आत्या, बाबा गेले," एवढंच तो म्हणाला, आणि माझ्या तोंडून पहिलं वाक्य निघालं ते, "आता मायचं काय?" रडू तेव्हा आलं नाही, नंतरही आलं नाही. गेलेल्या माणसाविषयी चांगलं बोलावं म्हणतात. बोललेही असते, पण माझ्या थोरल्या भावानं त्यासाठी फारसं काही शिल्लक ठेवलं नाही, आणि खोटंच लिहायचं तर पेपरच्या पुरवणीची जागा कशाला अडवू?

धरणाच्या पाण्याच्या काठावर आमचं गाव. जुनं गाव बुडालं तेव्हा भाऊनं वर माळावर घर बांधलं, विहीर खोदली आणि त्या खडकाळ रानात जवारी उभी केली. कष्टाळू होता, नाही कशाला म्हणू. पण घरात त्याच्यापुढं कुणाचं चाललं नाही. वडील लवकर गेले आणि हा वडिलांपेक्षा वडील झाला. "शिकून कुठं जायचंय?" म्हणत सातवीत माझी शाळा सोडवली. लग्नही त्यानंच ठरवलं. ते बरं निघालं, पण ते माझ्या नवऱ्याच्या चांगुलपणामुळं, भाऊमुळं नाही.

भाऊचा एक कायदा होता, लेकीच्या घरचं अन्न खायचं नाही. पूर्वी ही रीत पुष्कळ घरांत होती, पुढं लोकांनी सोडून दिली. भाऊनं धरून ठेवली. आम्ही बजाजनगरात दोन खोल्या बांधल्या तेव्हा तो वास्तुशांतीला आला. भर उन्हाळा होता. दारात उभा राहून भिंती बघितल्या, नारळ ठेवला. मी पाण्याचा तांब्या पुढं केला तर म्हणाला, "बहिणीच्या दारात पाणी पेत नसतेत." आणि समोरच्या टपरीवर जाऊन घटाघटा पाणी प्याला... सगळ्या शेजाऱ्यांच्या देखत. मायला तर तो पाठवायचाच नाही. माझं पोटाचं ऑपरेशन झालं तेव्हा ती कुणाला न सांगता एसटीत बसून आली. संध्याकाळी हा दारात हजर. "चल माय." तिनं माझ्याकडं बघितलं, पिशवी उचलली आणि गेली. माझे टाके अजून ओले होते. त्यानंतर मी त्याला राखी बांधली नाही, आणि त्यानंही कधी विचारलं नाही.

दहावा पलीकडच्या काठावर, घाटावर झाला. सडकेनं जायचं तर पाण्याला मोठा वळसा पडतो, म्हणून गावची माणसं होडीनंच जातात. परत येताना होडीत माय, संतोष, त्याची बायको आणि मी. वल्ही भाऊचे जुने दोस्त गफूरचाचा यांच्या हातात. घाटाकडं मागं वळून बघायचं नाही, असं गुरुजींनी बजावलं होतं. मला ते काही जड गेलं नाही.

काठ जरा दूर गेला आणि मी विषय काढला. "मायला मी नेते." वहिनी आधीच गेलेली, त्यामुळं गावच्या घरात मायशिवाय आता कुणी उरलं नव्हतं. संतोष शहरात राहतो. त्याच्या बायकोनं पदर सावरत लगेच सांगून टाकलं, "आमच्याकडं जागा नाही, आत्या."

"अगं, म्हणून तर मी नेते म्हणतेय."

"बाबांना चाललं असतं का, आत्या?" संतोष म्हणाला. "आजी गावातच राहील. शेजारचे डबा देतील."

म्हणजे स्वतः न्यायचं नाही आणि मला नेऊ द्यायचं नाही. बापाचाच लेक. त्यानंतर मी जे बोलले ते इथं छापता यायचं नाही. संतोष तावातावानं उठून उभा राहिला, होडी डुचमळली, त्याची बायको किंचाळली. गफूरचाचांनी वल्ही पाण्यातून काढून मांडीवर घेतली.

"पैले तय कर लो," ते म्हणाले, "अम्मा को कौनसे कनारे उतारना. फिर चलाता मैं. और पूछना तो अम्मा कू पूछो रे, मेरे मुँह कू क्या देखरे?"

माय इतका वेळ पाण्यात बोटं बुडवून बसली होती. "गावाकडंच चल, गफूर," ती म्हणाली. संतोषनं माझ्याकडं असं बघितलं की ढकलून द्यावासा वाटला. मग माय पुढं म्हणाली, "भाऊची जवारी पोत्यात पडलीय. तेरावं झालं की ते पोतं घेऊन मी पोरीकडं जाईन. माझं मी खाईन. जवारी सरली की माघारी येईन."

झालं. मेलेल्या माणसाचा कायदा भर पाण्यात मंजूर झाला. गफूरचाचांनी वल्ही पुन्हा पाण्यात घातली.

आता माय माझ्याकडं आहे. ओट्याखाली भाऊचं पोतं आहे आणि फरशी पुसताना मला त्याला वळसा घालावा लागतो. मायचं दळण वेगळं, पिठाचा डबा वेगळा. भाजी-वरणाचं तिचं तिनंच ठरवून टाकलं, की ते काही जेवण नव्हे. जेवण म्हणजे भाकरी, आणि भाकरी भाऊची. कितीदा वाटलं, ते पोतं उचलावं आणि रस्त्यावर ओतून यावं. पण पोतं सरलं की माय जाणार, आणि त्या रिकाम्या घरात शेजारच्यांच्या डब्याची वाट बघत बसणार. म्हणून ती सकाळी देवळात गेली की मी बाजारातून आणलेली जवारी त्या पोत्यात ओतते, हातानं कालवते, आणि तोंड होतं तसं बांधून ठेवते. मायला वाचता येत नाही म्हणून हे लिहायची हिंमत करतेय. ओळखीच्या कुणी कृपा करून तिला वाचून दाखवू नये.

परवा दळण काढताना तिनं कोपरापर्यंत हात पोत्यात घातला आणि बराच वेळ तसाच ठेवला. "सरंना बघ," ती म्हणाली. "लई बरकत होती गं माझ्या लेकाच्या हाताला..."

जितेपणी माझ्या घरचं घोटभर पाणी घेतलं नाही, आणि आता माझ्याच जवारीवर नाव लावून बसलाय. सांगून टाकावं, असं अगदी ओठांवर आलं होतं.

"व्हय, माय," मी म्हटलं, "लई बरकत होती," आणि सूप तिच्यापुढं सरकवलं. त्या दुपारी ती खुशीत होती. अर्धी भाकरी जास्तच जेवली. माझ्या घरची.