गोठ्यातले हेडलाइट

स्वतः बांधलेल्या स्पोर्ट्स कारला हेडलाइट कुठे बसवायचे, यात माझा आख्खा आठवडा गेला. पुठ्ठ्याच्या दोन चकत्या कधी वर, कधी खाली चिकटवून मी लांबून बघायचो. गाडी उभी होती नालवाडीच्या आमच्या घरामागच्या रिकाम्या गोठ्यात. शेवटी जागा ठरली, तेव्हा देवळीहून वेल्डर बोलावला. त्याने दोन्ही दिवे बसवले आणि तो चहाला गेला.

माझा कोणत्याच कारागिरावर विश्वास नाही. त्याची पाठ वळताच मी दोन्ही दिव्यांवर आडवी लेव्हलपट्टी ठेवली. बुडबुडा एका बाजूला पळाला. वाटलंच होतं! मोजमाप घेताना जो माणूस गाणं गुणगुणतो, तो दुसरं काय करणार?

तो आल्या आल्या मी त्याला झापलं. "काऊन जी, डोये मिटून काम करून राह्यले का?"

तो चिडला नाही. मला त्यातही काहीतरी काळंबेरं वाटलं. त्याने पट्टी उचलली आणि गाडीसमोर फरशीवर आडवी ठेवली. बुडबुडा त्याच बाजूला, तेवढाच पळाला.

"भाऊ, गाईचं मूत वाहून जावं म्हणून हा उतार देल्ला असन न? गाडीच तिरपी उभी हाये. दिवे बराबर हायेत."

 तो उतार मीच करून घेतला होता. गवंड्यावर भरवसा नव्हता, म्हणून दिवसभर हीच पट्टी घेऊन त्याच्या मानगुटीवर बसलो होतो.