तेरी, नऊ आंबाडे आणि एक फोटो

आमसुलं मी काढली. फोटोसाठी. भाजीवर काळी सालं तरंगत होती, हिरवा रंग काही उठून दिसेना. उकळी फुटायच्या आत परत टाकू म्हटलं, आणि मोबाईलमध्ये रमलो.

तेरी म्हणजे वहाळाकाठी, ओढ्याच्या चिखलात आपोआप उगवणारं रानअळू. आंबट न घालता शिजवलं तर घसा असा खाजतो की माणूस बोलायचं विसरतो. आमच्या वाडीतल्या गोदूकाकीला हे पक्कं ठाऊक. साठी उलटली तरी ती पोटरीभर चिखलात उतरते, कोवळी पानंच खुडते, हाताला खोबरेल चोळून चिरते, फणसाच्या आठळ्या घालून शिजवते. कित्येक पावसाळे आपल्या मुलाला, सुजयला, तिने यावरच पोसलं. तोच सुजय आता मुंबईहून फोनवर म्हणाला, "आई, लोकांपुढे तेरी? कुणाला खाजलं तर शोभा होईल गं!"

काकीने त्याच दिवशी लांज्याच्या रानभाजी स्पर्धेत नाव घातलं. मदतीला मी होतोच. सुजयही आला. पहिल्या रांगेत, हाताची घडी घालून.

चिरणाऱ्याने पहिला घास खायचा, हा काकीचा नियम. तिने खाल्ला आणि डोळे वटारले.

"विनीत, मेल्या, आमसुलं कुठायत?"

ज्या पानावर ठेवली होती, ते पान झाडणाऱ्या बाईंनी केव्हाच उचललं होतं! परीक्षक तीन टेबलं लांब.

"बघतोस काय? ताजबीकडे पळ!"

ताजबीखाला आंबाड्याचं लोणचं घेऊन स्पर्धेत उतरलेली. टेबलावर शोभेला ताजे आंबाडे, कैरीसारखी आंबट हिरवी फळं.

"तुझी काकी पडली तर माझाच नंबर की रे," ती हसली, आणि नऊ आंबाडे माझ्या ओंजळीत टाकले. "परत हवेत हां. नऊच्या नऊ."

काकीने ते ठेचून भांड्यात टाकले, शेगडी मोठी केली. मी परीक्षकांना वाटेत गाठून कुर्डूच्या भाजीविषयी इतके प्रश्न विचारले, की त्यांना वाटलं मी पीएचडी करतोय.

काकीने पुन्हा चाखलं. खाजतंय का बघितलं. मान डोलावली.

परीक्षक बाईंनी घास घेतला, आणि वाटी पुन्हा पुढे केली! सुजय उठून आला.

"आई, भाकरी आहे?"

"आहे. पण खाजलं तर सांग हो," काकी म्हणाली.

तिसऱ्या भाकरीपर्यंत त्याने काही सांगितलं नाही.

काकी दुसरी आली. पहिली ताजबीखाला!

आमच्या आंबाड्याच्या झाडावर आता फळ सोडाच, पानसुद्धा उरलेलं नाही. ताजबीखाला बाजारात दिसली की लांबूनच बोटं दाखवते. नऊ.